वाळुंजाच्या काड्या

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. पिशवी म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे भाजी येईल, नाहीतर शाळेचे दप्तर येईल. मी त्यातली नव्हे. मी शिकारीच्या मांसाची पिशवी. तुमच्यातला एखादा उभाच्या उभा माझ्यात मावेल, एवढी मोठी. सध्या मी दूर उत्तरेच्या थंड मुलखात, यूकॉन नदीच्या काठी एका घराच्या मागच्या पडवीत खिळ्याला लटकते आहे. माझ्या पोटात वाळुंजाच्या, म्हणजे नदीकाठच्या एका लवचीक झुडपाच्या, दोन सोललेल्या काड्या आहेत, बाकी काही नाही. त्या काड्यांची गोष्ट मला सांगायची आहे. ती आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझा जन्म पलंगपोसातून झाला. सेलिनाच्या लग्नात तिला दोन पलंगपोस मिळाले होते, पांढऱ्या सुती कापडावर बारीक निळी फुले असलेले. ते मधोमध विरले तेव्हा तिने त्यांच्या चार पिशव्या बेतल्या. हातमशीनवर दुहेरी शिवण घातली आणि तोंडाला मासेमारीच्या फाटक्या जाळ्यातली दोरी ओवली. शेजारणी हसल्या. एवढे चांगले फुलांचे कापड मांसाला कशाला, म्हणाल्या. सेलिना म्हणाली की झोपायला माणसाला कसलेही कापड चालते, मांसाला चालत नाही. अशा आम्ही चौघी बहिणी झालो. मूसच्या चार पायांना चार.

मूस हे आमच्या रानातले सगळ्यात मोठे हरीण. घोड्याहून उंच आणि म्हशीहून जड. त्याची मागची एक तंगडी उचलायला दोन गडी लागतात. सप्टेंबरात एक मूस मिळाला की एका घराचा हिवाळा निघतो. पण मिळणे हा अर्धाच भाग झाला. जनावर मेले तरी त्याच्या अंगातली ऊब लगेच मरत नाही, आणि ती ऊब हीच मांसाची वैरीण. बाहेरून माशी आणि आतून ऊब, या दोघींच्या तावडीतून मांस सोडवायचे असते. माशीला मी अडवते आणि वाऱ्याला वाट देते. म्हणून तर मी सुती आहे. प्लास्टिकमध्ये मांस घातले की ते आपल्याच घामात नासते. आतल्या उबेवर मात्र माझा इलाज चालत नाही. ते काम सुरीवाल्याचे.

आमचा सुरीवाला म्हणजे सेलिनाचा नवरा अंब्रोज. बुटका, रुंद खांद्याचा, आणि बोलण्याच्या बाबतीत इतका कंजूष की दिवसभर होडीत त्याच्यासोबत बसलेल्या माणसाला आपणच मुके झालो की काय असे वाटावे. मूस पडला की तो जवळ जाऊन गुडघ्यावर बसे, त्याच्या मानेवर हात ठेवी आणि हळूच काहीतरी पुटपुटे. मग बाह्या सरसावून कामाला लागे. आधी पोट उघडायचे, मग कातडे काढायचे, मग पाय वेगळे करायचे. स्प्रूसच्या दोन उंच सूचीपर्णी झाडांमध्ये आडवा वासा बांधायचा, सावलीत आणि वाऱ्याच्या तोंडाला. आम्हां चौघींत चार पाय घालून तो आम्हांला वाशावर टांगी आणि खाली ओल्या लाकडांचा बारीक धूर करी. दुसऱ्या दिवशी मांसावर कोरडा पापुद्रा धरला की माशीने कितीही डोके आपटले तरी काही उपयोग नसे.

आणि एक गोष्ट तो करी, जी मी पाहिली आणि फारच थोड्यांनी पाहिली. मागच्या तंगडीत, खुब्याचा सांधा असतो ना, तिथे मांस सगळ्यात जाड असते आणि ऊब सगळ्यात शेवटी तिथे दडून बसते. अंब्रोज आतल्या बाजूने, मांसाच्या दोन थरांमधून, सुरी थेट हाडापर्यंत नेई. मग वाळुंजाची बोटभर जाड काडी सोलून तिथे आडवी बसवी, म्हणजे चीर उघडी राही. तंगडी बाहेरून अख्खीच्या अख्खी दिसे. दोन दिवस गेले की तो माझ्या तोंडातून हात घालून हाडाला तळवा लावी. हाड गार लागले की काडी काढून घेई. चीर आपोआप मिटे. मांसाला लागलेली वस्तू पायदळी जाऊ नये म्हणून ती काडी तो फेकत नसे, माझ्याच कोपऱ्यात टाकून देई.

घरी आल्यावर सेलिना पिशव्या रिकाम्या करून झटकी. काडी खाली पडे. रानातून मांस आले की पाने, काटक्या येणारच. ती काडी उचलून चुलीत घाली आणि विसरून जाई. मांस कापायला बसली की तिला खुब्याजवळची ती चीर दिसे आणि तिला हसू येई.

"दर वर्षी तिथंच कशी रे घसरते तुझी सुरी?" ती विचारी. "एवढा मोठा शिकारी, आणि कातडं काढताना हात लटपटतो होय?"

अंब्रोज चहा फुंकत फक्त हसे. चाळीस वर्षे ती हे विचारत होती आणि चाळीस वर्षे तो हसत होता. पुढे पुढे हा प्रश्न त्या घरातला ठरलेला विनोदच झाला. पाहुण्यांनाही ती सांगे, आमच्या ह्यांची सुरी जुन्या गाढवासारखी, एकाच खड्ड्यात पाय घालते.

तुम्ही म्हणाल, त्याने सांगितले का नाही? आमच्याकडे शिकाऱ्याने आपल्या हातचे कौतुक आपल्या तोंडाने करायचे नसते. जनावर आपण होऊन आलेले असते. 'मी असे करतो, मी तसे करतो' म्हणणाऱ्याचे बोलणे ते ऐकते, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या वाटेने जाते. ज्याला शिकायचे असेल त्याने सोबत जायचे आणि गप्प बसून बघायचे. अंब्रोजसोबत जाई तो त्याचा जोडीदार टायटस, खालच्या गावचा. त्याने पाहिले, तोही गप्प राहिला. मी पाहिले. मला तर तोंड आहे ते नुसते दोरी ओवायला.

ती माझी चांगली वर्षे. दर सप्टेंबरात काम, मग नदीत धुणे, साध्या साबणाने, वासाच्या साबणाने नाही. मग पिशव्या दोरीवर वाळत पडल्या की येणारा-जाणारा विचारी, यंदा कुठल्या बेटावर? सेलिनाकडच्या मांसाला धुराशिवाय दुसरा वास नसतो, असे लोक म्हणत. मी ते ऐके आणि वाऱ्यावर फुगे. मलाही गर्व होता, खोटे कशाला बोलू.

मग गावात वीज आली. पडवीत पांढऱ्या पेटीसारखा फ्रीझर आला. लोक मांस रानातच हाडांवरून सोडवून तुकडे करून आणू लागले आणि घरी येताच थेट बर्फात टाकू लागले. त्याला मी नावे ठेवणार नाही, सोय ती सोय. आमच्या घरात अंब्रोजने जुनीच रीत ठेवली, पण त्याचे गुडघे गेले तसे त्याचे रानही आखडत गेले. आम्ही बहिणीही कमी झालो. एकीला अस्वलाने वाशावरून ओढून फाडले. एकीच्या पट्ट्या करून टायटसच्या मोडलेल्या हाताला बांधल्या. तिसरी गेली ती अंब्रोजबरोबर. अंब्रोज वारला तेव्हा सेलिनाने तिची घडी करून शवपेटीत त्याच्या डोक्याखाली ठेवली. उरले मी. मला तिने ट्रंकेत तळाशी ठेवले, वर हातमोजे आणि जुने गालिचे. दोन वर्षे मी अंधारात होते.

आमच्यात माणूस पुरला म्हणजे गेला असे होत नाही. वर्ष-दोन वर्षांनी त्याचे निरोपाचे जेवण करायचे असते. वरच्या-खालच्या गावांची माणसे बोलवायची, त्याच्या नावाची गाणी म्हणायची, नवे हातमोजे आणि घोंगड्या वाटायच्या, आणि मूसचे ताजे मांस सगळ्यांना पोटभर घालायचे. मग तो माणूस समाधानाने वाटेला लागतो. तोवर तो घराभोवतीच असतो. सेलिना दोन वर्षे हातमोजे शिवत होती. चौतीस जोड झाले होते. आता मांस तेवढे हवे होते आणि ते आणायचे होते तिच्या मुलाने, वॉरनने.

वॉरन चौदाव्या वर्षी शिकायला शहरात गेला तो तिकडचाच झाला. विमानतळावर सामान चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. आता चाळिशी उलटली, पोट सुटले आहे. लहानपणी दोन-तीनदा तो बापासोबत शिकारीला गेला होता, पण होडीत कातड्यावर झोपून जाई. पोरगा वाईट नाही. तीन आठवड्यांची रजा मागून आला आणि आल्या आल्या बापाची बंदूक पुसायला बसला.

त्याच दिवशी सेलिनाने मला ट्रंकेतून बाहेर काढले. उन्हात धरून झटकले. माझ्या कोपऱ्यातून एक वाळकी, करड्या रंगाची काडी खाली पडली. अंब्रोजच्या शेवटच्या शिकारीतली, शिवणीत अडकून राहिलेली. मित्रांनो, त्या क्षणी मला वाचा फुटली असती तर माझ्या बाकीच्या आयुष्याशी माझी काही तक्रार राहिली नसती. सेलिनाने काडी उचलली, नेहमीसारखी चुलीत टाकली, आणि मला वॉरनच्या हातात दिले.

"हे बघ," ती म्हणाली. "मागच्या दोन्ही तंगड्या अख्ख्या हव्यात मला. तुझ्या आजोबांच्या जेवणात अख्खी तंगडी म्हाताऱ्यांच्या पुढ्यात ठेवून कापली होती. तसंच तुझ्या बापाच्या जेवणातही करायचं. हाडं काढून तुकडे आणशील तर घरात घेणार नाही."

"आणतो आई."

"आणि तुझ्या बापासारखी सुरी घसरू देऊ नकोस खुब्यापाशी. निदान त्याच्या स्वतःच्या जेवणात तरी त्याला चीर नसलेली तंगडी दाखवू."

दोघेही हसले. अंब्रोज गेल्यापासून त्या घरात त्याच्यावरून कुणी हसले नव्हते. मला त्या हसण्यावर रागावता येत नाही, आजही येत नाही.

वॉरन आणि त्याचा चुलतभाऊ लेस्टर होडीने वरच्या अंगाला गेले. तिसऱ्या दिवशी, दुपार कलताना, एका बेटाच्या टोकाला वाळुंजाच्या दाटीतून मूस बाहेर आला. मोठा नर होता. एका गोळीत पडला. वॉरन गुडघ्यावर बसला, मानेवर हात ठेवला आणि रडला. मग त्याने सगळे जसे आठवत होते तसे केले. पोट लगेच उघडले, कातडे काढले, वासा सावलीत बांधला, धूर केला. एक तंगडी माझ्यात, दुसरी दुकानातून आणलेल्या नव्या पिशवीत. काम नीट होते. मीसुद्धा खोड काढू शकले नसते.

पण त्या दिवसांत उकाडा होता. पूर्वी या महिन्यात सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा असे. आता लेस्टर नुसत्या बनियनवर फिरत होता आणि डास चावत होते. माझ्या पोटातल्या तंगडीचा खुबा भाकरीच्या तव्यासारखा तापलेला होता आणि सगळीकडून मिटलेला होता.

लेस्टर पिशवीला हात लावून म्हणाला, "हाड काढून टाकू या का? आम्ही तर तेच करतो हल्ली. लवकर गार होतं."

"नको. आईला अख्खी हवी."

"मग सांध्यापाशी जरा तरी उघडू."

"तिथंच तर सुरी लावू नको म्हणालीय."

लेस्टरने पिशवीवरचा हात काढून घेतला. मांस त्याच्या बापाच्या जेवणाचे नव्हते. वॉरनने माझ्यात हात घालून तंगडी वरून चाचपली. वरून ती गार होती, पापुद्रा छान धरला होता. त्याला समाधान वाटले. हाडापर्यंत हात जाईल अशी वाटच नव्हती.

घरी आल्यावर शेडमध्ये आम्हांला आणखी तीन दिवस टांगले. तंगड्या फ्रीझरात मावणाऱ्या नव्हत्या, आणि मावल्या असत्या तरी सेलिनाने घातल्या नसत्या. ती रोज येऊन वास घेई आणि मान डोलावी. धुराचा वास येत होता. शेजारणी येऊन बघून गेल्या. वॉरनकडे आता गावातले लोक अंब्रोजचा मुलगा म्हणून बघू लागले, आणि तो जरा ताठ चालू लागला. त्याचे ते चालणे मी शेडच्या फटीतून बघत होते. आत काय चालले आहे ते माझ्या कापडाला कळत होते. हाडाभोवती ऊब होती आणि ती आता जनावराची राहिली नव्हती.

जेवणाच्या दिवशी सभागृह भरले होते. टायटसही आला होता, काठी टेकत, नातसुनेचा हात धरून. पुढच्या पायांचे, फासळ्यांचे मांस आणि डोक्याचे सूप आधीच शिजत होते. मग वॉरन आणि लेस्टरने मला उचलून आणले, म्हाताऱ्यांच्या पुढ्यात स्वच्छ लाकडी फळीवर ठेवले आणि माझी दोरी सोडली. तंगडी बाहेर आली. अख्खी, गडद लाल, कुठे चीर नाही. सेलिनाने सुरी हातात घेतली. तिने नवा निळा पोशाख घातला होता.

पहिले दोन काप चांगले निघाले. तिसऱ्याला सुरी खुब्यापाशी गेली आणि ती थांबली. हाडाभोवतीचे मांस हिरवट-करडे होते. वास हळूहळू पसरला. पहिल्या रांगेतले एक म्हातारे मान फिरवून खिडकीकडे बघू लागले. आमच्यात अशा वेळी कुणी बोलत नाही. सेलिनाने दुसरी तंगडी आणायला सांगितली. तिचेही तेच.

नासलेले मांस पाहुण्याला द्यायचे नाही आणि कुत्र्याला टाकायचे नाही. जनावराचा अपमान होतो. दोन्ही तंगड्या तिने पुन्हा पिशव्यांत घातल्या आणि वॉरनला त्या रानात परत नेऊन ठेवायला सांगितल्या. आवाज शांत होता. माझी दोरी आवळताना मात्र तिच्या बोटांना गाठ जमेना. वॉरन म्हणाला, "आई, मी सगळं बरोबर केलं होतं." पुन्हा म्हणाला. तिसऱ्यांदा म्हणता म्हणता तो खाली बसला.

तेव्हा टायटस उठून आला. त्याने मला उघडले, आपला वाकडा हात आत घातला आणि खुबा चाचपला.

"काडी नाही लावली?" त्याने विचारले.

"कसली काडी, काका?"

"वाळुंजाची. चिरेत लावतात ती. तुझा बाप लावायचा. हाडापर्यंत चीर देऊन काडी लावली की आतली ऊब निघून जाते. नंतर काढून पिशवीत टाकायचा." तो वॉरनकडे, मग सेलिनाकडे बघू लागला. "तुम्हांला ठाऊक नव्हतं, वहिनी?"

सेलिना उभी होती, फळीची कड धरून.

"चाळीस वर्षं," ती म्हणाली, "मी त्या काड्या चुलीत घातल्या, भाऊजी."

एवढेच. मग ती पाहुण्यांना सूप वाढायला गेली. गाणी झाली, चौतीस जोड हातमोजे वाटले गेले, शेजाऱ्यांनी घरचे सुके मासे आणून पानांत घातले. कुणी उपाशी गेले नाही. पण अंब्रोजच्या नावाने ठेवलेल्या पानात सूप होते, मासा होता, आणि तंगडीचे मांस नव्हते. सेलिना अधूनमधून त्या पानाकडे बघे. तो समाधानाने गेला की घराभोवतीच आहे, हे तिला अजून ठरवता आलेले नाही. मला तिने एकदाही दोष दिला नाही. वॉरनलाही नाही. स्वतःला देते ते मला पडवीतून ऐकू येते.

रानातून मी रिकामी परत आले. आपल्याच मांसाला मूठमाती देऊन यावे तसे मला वाटत होते. माझा वास काही केल्या जाईना. सेलिनाने मला तीनदा नदीत धुतले, लाकडाच्या राखेत उकळले, आठवडाभर दोरीवर ठेवले. निळी फुले आता जवळजवळ दिसत नाहीत. जायच्या आदल्या दिवशी वॉरन काठावर गेला. वाळुंजाच्या दोन काड्या कापून, सोलून त्याने माझ्यात टाकल्या. पुढच्या सप्टेंबरला येतो म्हणाला. पुढच्या सप्टेंबरला रजा मिळाली नाही. त्यानंतरच्याला त्याने फोनवर काय सांगितले ते ऐकू आले नाही, पण सेलिनाने मला खिळ्यावरून काढले नाही. काड्या वाळून हलक्या झाल्या आहेत. वारा आला की त्या माझ्या पोटात एकमेकींवर आपटतात.

मित्रांनो, मी तुम्हांला मांस कसे राखावे ते सांगायला बसले होते आणि माणसांचेच सांगत बसले. तुमच्या घरी शिकार नसेल. पण कुणीतरी गुपचूप काहीतरी करत असेल, ज्यामुळे तुमचे ताट वर्षानुवर्षे चांगले राहिले आहे. लोणच्याच्या बरणीत, पिठाच्या डब्यात, अवजाराच्या पेटीत एखादी काडी तुम्हांला सापडेल. ती कचऱ्यात टाकण्याआधी विचारा, ही कशाला? आणि तुम्ही ती ठेवणारे असाल, तर कुणी विचारण्याची वाट बघू नका. मला सगळे ठाऊक होते आणि बोलता येत नव्हते. अंब्रोजला बोलता येत होते, तो हसत राहिला.